पेज, पाव आणि पेडणे-डिचोलीची आवडनिवड

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. सवडीने वाचा.

गेल्या चवथीला आमच्या पेडण्याच्या घरी सगळं खटलं जमलं होतं. दुपारची जेवणं आटोपली, पानं उचलली, आणि मोठी माणसं सोप्यावर लवंडली. पोरांना काही झोप येत नव्हती. त्यांनी खेळ काढला: प्रत्येकाने आपला सगळ्यात आवडता एक पदार्थ सांगायचा आणि सगळ्यात नावडता एक. कारण सांगितलंच पाहिजे असं नाही, पण खोटं बोलायचं नाही.

पोरांची उत्तरं ठरलेली. आवडतं पिझ्झा नाहीतर बिर्याणी, नावडतं कारलं. वयनीला खतखतें आवडतं, दुधी नको. चुलत भाऊ म्हणाला, तिरफळं घातलेलं बांगड्याचं हुमण असेल तर मला दुसरं काही वाढू नका. आणि चवथीच्या शिवराक जेवणावर हात धुता धुता हे बोलला म्हणून काकीच्या शिव्या खाल्ल्या.

मग आत्याचा नंबर आला. आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. म्हणाली, "आवडता तो पांढऱ्या तांदळाचा गरम भात, वर तूप. नावडती ती कणगां." कणगां म्हणजे रताळी. सगळे हसले, कारण हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकादशीला घरात सगळे उकडलेली कणगां खातात, आत्या नुसत्या दुधावर राहते. लग्नाच्या पंगतीत भाजीत एखादा तुकडा आला तरी पानाच्या कडेला सारते. आम्ही लहानपणापासून याला आत्याचे नखरे म्हणत आलो.

या वेळी मात्र माझ्या पुतणीने विचारलं, "पण का नको गो, आजी?" आणि आत्याने सांगितलं. तिने काय सांगितलं ते शेवटी लिहितो, कारण ते नीट कळायला आपल्या दोन तालुक्यांचं ताट आधी समजून घ्यावं लागेल. माझी आजी डिचोलीकडची, दिली पेडण्याला. त्यामुळे आमच्या घरात दोन्हीकडच्या आवडीनिवडी एकाच चुलीवर शिजल्या आहेत.

पेज

सुरुवात पेजेपासून. आमच्याकडे सकाळी दहा-अकराला पेज असायची. पहाटे शेतात गेलेला माणूस तेव्हा घरी यायचा नाहीतर त्याच्यासाठी बांधावर पेज जायची. पेज उकड्या तांदळाची. भात भिजवायचं, मोठ्या भाणात उकडायचं, अंगणात वाळवायचं आणि मग कांडायचं. उकडल्यामुळे दाणा घट्ट होतो, कांडताना कमी तुटतो, आणि पोटात गेल्यावर लवकर भूक लागू देत नाही. पेजेबरोबर खारातलं तोर, निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, सुक्या जवळ्याची किसमूर, नाहीतर आदल्या दिवशीची आटवून दाट केलेली कडी. आजही परदेशात राहणाऱ्या गोवेकराला घराची आठवण कशाने येते विचारलं तर दहांतले पाच जण ही काल्ची कडी सांगतील.

पण पेज ही आवड होती की गरज, हा प्रश्न आपण विचारत नाही. एक पायली तांदूळ भाताने जितकी माणसं जेवतात त्याहून जास्त पेजेने जेवतात. पाणी वाढवलं की एक तोंड आणखी भागतं. पावण्याला शितं, घरच्यांना निवळ, हे गणित प्रत्येक घरच्या बाईला बोटांवर येत होतं. पांढरा, म्हणजे सुरय तांदूळ हा देवाच्या नैवेद्याला, पावण्याला आणि भाटकाराच्या घरी. कुळाच्या नाहीतर मुंडकाराच्या घरी तो सणाला दिसायचा.

डिचोलीच्या आणि पुढे सत्तरीच्या डोंगरउतारावर कुमेरी करायचे. झाडोरा तोडून, जाळून, त्या राखेत नाचणी, कुळीथ पेरायचे. आजीच्या माहेरी वर्षातले काही महिने नाचणीवरच निघत. आंबील, तिजण, भाकरी. आजी सांगायची की पेडण्याला आल्यावर तिला पहिलं सुख कसलं वाटलं, तर रोज तांदळाची पेज मिळते याचं. नाचणीला ती "काळें" म्हणायची. पावण्यासमोर काळें ठेवायची तिला लाज वाटे.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. त्या वर्षी पणजीत एका प्रदर्शनात मी नाचणीचे लाडू, नाचणीची बिस्किटं, नाचणीचा डोसा पाहिला. भाव ऐकून बायकोने पिशवी परत ठेवली. आजी असती तर म्हणाली असती, ज्याच्यापासून सुटका व्हावी म्हणून मी देवाला नारळ ठेवला, ते तुम्ही पैसे मोजून घेता?

ज्याचं शेत दुसऱ्याचं, त्याला नावड परवडत नव्हती. नावड असायची, पण ती मनात. पानात पडेल ते खायचं. म्हणून आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून "मला हे आवडत नाही" असं आपण फारसं ऐकलं नाही. त्यांना सगळं आवडत होतं असं नाही. त्यांना विचारलंच कोणी नव्हतं.

पाव आणि मिरची

आता पाव. आजीने जन्मात पाव खाल्ला नाही. माझे वडील लहानपणी कोणाबरोबर तरी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेले आणि तिथे चहात बुडवून पाव खाऊन आले. घरी येऊन फुशारकीने सांगितलं. आजीने त्यांना उंबऱ्यावरच अडवलं, मागच्या विहिरीवर नेऊन डोक्यावरून दोन कळशा ओतल्या, आणि मग घरात घेतलं. मारलं नाही. नंतर जवळ बसवून पेज भरवली.

आम्ही नातवंडं या गोष्टीवर खूप हसायचो. आता तितकं हसू येत नाही.

गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये आलं आणि ते कायमचं बंद झालं १८१२ मध्ये. बार्देश, तिसवाडी, साष्टी या जुन्या काबिजादींनी त्याचा काच सोसला. १७३६ च्या त्यांच्या एका फर्मानात ख्रिस्ती झालेल्या लोकांनी काय काय करू नये याची लांबलचक यादी आहे. घरी तुळस लावू नये, धोतर-चोळी नेसू नये, अशा गोष्टी त्यात आहेतच. पण त्यातच एक कलम भाताचं आहे: हिंदू करतात तसा बिनमिठाचा भात शिजवून नंतर मीठ घालू नये. म्हणजे सरकारचा डोळा थेट चुलीवरच्या मडक्यात. चिमूटभर मीठ आधी की नंतर, यावरून माणूस कोणत्या धर्माचा हे ओळखलं जाणार.

ज्यांना हे नको होतं ते नद्या ओलांडून अलीकडे आले, देवांना घेऊन आले. दिवाडीवरचा सप्तकोटेश्वर डिचोलीतल्या नार्व्याला आला, आणि त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. पेडणे-डिचोली तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हती. डिचोली आणि पेडणे त्यांच्या हातात आली अठराव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत. सावंतवाडीकर भोसल्यांकडून पेडणे गेलं ते १७८८ मध्ये. या नव्या काबिजादींत लोकांच्या चालीरीतींना हात लावायचा नाही, असं पोर्तुगिजांनी तोवर धोरण ठेवलं होतं. त्यामुळे आपल्या दोन तालुक्यांना जुन्या काबिजादींसारखा जाच झाला नाही. पण जाच झालेल्यांची लेकरं इथेच, नदीच्या अलीकडे नांदत होती. त्यांनी आणलेली भीती गावात मुरली.

विहिरीत पाव टाकला आणि पाणी पिऊन अख्खा वाडा बाटला, ही गोष्ट गोव्यापासून वसईपर्यंत सांगतात. गोष्ट म्हणूनच घ्या. पण पावाबद्दल अशी गोष्ट तयार व्हावी, यातच त्याची धास्ती किती होती ते कळतं. त्यात पाव फुगवायला पोदेर माडाची सूर वापरायचे. म्हणजे परक्या हातचं, परक्या धर्माचं आणि वर सुरेचं. आजीसाठी एवढं पुरे होतं.

आता गंमत बघा. पोर्तुगिजांच्या गलबतांतून आलेली दुसरी खाणी आजीने कधी नाकारली नाहीत. मिरची त्यांच्याबरोबर आली. काजू आला, अननस आला, पपई आली, बटाटा आला, कणगां आली. ही सगळी मुळात अमेरिका खंडातली. बटाटा, काजू, अननस, पपई, कोबी, पाव हे शब्दसुद्धा आपण पोर्तुगीजमधूनच घेतले. आजीच्या एकादशीच्या ताटात साबुदाण्याची खिचडी असायची, तिच्यात शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची, आणि बाजूला उकडलेलं कणग. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो धरून यातली एकूण एक वस्तू समुद्रापलीकडची. आणि पाव ज्याचा होतो तो गहू मात्र आपल्या देशात हजारो वर्षं पिकणारा. जे परकं ते उपासाला चाललं आणि जे आपलं ते बाटवणारं ठरलं!

याचं कारण मला असं वाटतं. मिरचीचं बी आपल्या परसात पडलं, आपल्या पावसात रुजलं, आपल्या बाईने तोडून वाळवलं, आपल्या पाट्यावर वाटलं. दोन पिढ्यांत ती कुठून आली हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. हरमलची मिरची तर अशी आपली झाली की २०२१ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पेडण्याची ओळख म्हणून आज ती मिरवते. पाव मात्र दुसऱ्याच्या भट्टीतून शिजून येत होता. कच्ची वस्तू आपली करून घेता येते. शिजलेल्या वस्तूबरोबर शिजवणारा हात येतो, आणि भांडण त्या हाताशी असतं.

आणि इथे खरं बोलायचं तर आपणही स्वच्छ नाही. पावाला नाक मुरडणाऱ्या याच घरांनी गावातल्याच कित्येक माणसांच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. त्यांना परसातून पेज वरून ओतली गेली. फर्मान काढायला कोणी परका राजा लागला नव्हता. तेही आपल्या ताटाचाच इतिहास आहे आणि तो लिहिताना वगळू नये. कोंबडीचं साधं उदाहरण घ्या. कित्येक घरांत कोंबडी शिजायची ती मागीलदारी, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या टोपात. घरातल्या पुरुषांना ती भारी आवडायची, पण स्वयंपाकघरात तिला थारा नव्हता. म्हणजे एकाच घरात तीच वस्तू आवडती आणि नावडती, मधे फक्त एक भिंत.

नुस्तें आणि शिवराक

पेडण्याला समुद्र, शापोरा आणि तेरेखोल अशा दोन नद्या. नुस्तें दारात. तिसऱ्यो, खुबे, कालवां, खाडीतला शेवटो, चणक. डिचोली आतली, तिथे नुस्तें डोक्यावरच्या पाटीतून यायचं आणि यायला दुपार व्हायची. म्हणून आजीच्या माहेरी सुक्या मासळीचं राज्य. मे महिन्यात पुरुमेंत भरायचं, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायची: खारें, मिरसांग, सोलां, चिंच, कांदे. पुरुमेंत हा शब्दही पोर्तुगीजच, पण पाव न खाणारी आजी तो दिवसातून दहा वेळा उच्चारायची.

तारल्यांची गोष्ट तर सांगण्यासारखी आहे. एके काळी तारले इतके यायचे की उरलेले वाळवून माडांच्या मुळाशी खत म्हणून घालत. त्यामुळे तारले म्हणजे गरिबाचं नुस्तें. पावणा आला तर इसवण नाहीतर सुंगटां, तारले लपवायचे. आमच्या काकांना तारले जीव की प्राण, पण सासुरवाडीला गेले की ते विचारल्यावर इसवण सांगायचे. आता तारले आले नाहीत की भाव कडाडतो, आणि डॉक्टर म्हणतात की हृदयाला चांगले. तेच तारले, तीच चव. बदलली ती त्यांची पत.

पावसात होड्या बंद. आता यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै कायद्यानेच बंदी असते, पण तेव्हा समुद्रच बंदी घालायचा. मग रान जेवायला घालायचं. तायकिळो, कुड्डुक, आकूर, किल्ल, फागलां, तेरें. वारुळावरची अळमी मिळाली तर घरात सण. या भाज्या गरिबीच्या की चैनीच्या, हे ठरवणं कठीण. आजी म्हणायची, नुस्तें नाही म्हणून आम्ही त्या खायचो. आज त्याच अळम्यांसाठी लोक गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला भाव करतात आणि एका पानातल्या मूठभर अळम्यांना चिकनपेक्षा जास्त पैसे देतात.

श्रावण मात्र सगळ्यांचा सारखा. सोमवारी तर एरवीही शिवराक. ज्यांना नुस्त्याशिवाय घास उतरत नाही तेही अळसांद्यांचं तोंडाक आणि आंबाड्याचं सासव जेवून उठायचे. देवासाठी सोडलेल्या खाण्याला कोणी नावडतं म्हणत नाही. शिरगावच्या लईराईच्या जत्रेआधी धोंड व्रत पाळतात, सोवळ्यात राहतात, शिवराक जेवतात. त्यांतला एकही तक्रार करताना मी ऐकलेला नाही. आणि जत्रेतून परतताना प्रत्येकाच्या हातात खाज्याची पुडी. खाजें कोणाला आवडत नाही, असा पेडणे-डिचोलीत माणूस सापडला तर मला कळवा.

कणगां

आता आत्याकडे येतो.

१९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी आपल्या पेडण्यातल्या तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला. पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ ला, पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारताने सीमा बंद केली. रेल्वे बंद झाली, माल येणं थांबलं. हा आर्थिक बहिष्कार सालाझारच्या सरकारला वाकवण्यासाठी होता. ते सरकार वाकलं नाही. पणजी-मुरगावला बोटीतून हॉलंडचे बटाटे आले, पाकिस्तानातून तांदूळ आला. त्या काळातल्या हॉलंडच्या बटाट्यांची आठवण जुनी माणसं अजून काढतात. शहरात ते मिळायचे. पेडण्याच्या आतल्या गावात किती पोचायचे, हा वेगळा प्रश्न.

पेडण्याला बाजार म्हणजे अर्धा पलीकडचा. बांदा, सावंतवाडी. आपल्या सोयरिकी तिकडे, आपली बोली तिकडची, आपले घावन आणि शिरवळ्यो तिकडचे. ती वाट एका रात्रीत परदेशची झाली. माझे आजोबा मुंबईला नोकरीला. त्यांचे पैसे दर महिन्याला यायचे, ते यायचे थांबले. चिठ्ठीसुद्धा कोणी माणूस चोरवाटेने आला तर. घरात आजी, अकरा वर्षांची आत्या आणि चार वर्षांचे माझे वडील.

आत्याने सोप्यावर बसून सांगितलं ते एवढंच. शेताचं भात अर्धं भाटकाराला जायचं. उरलेलं मार्गशीर्षापासून मोजून काढायचं. परसात आजीने कणगां लावली होती, ती भरपूर आली होती. तांदूळ मूठभर घ्यायचा आणि पेज करायची. शितं धाकट्या भावाला. निवळ आजीला. आत्याला उकडलेली कणगां आणि मीठ. सकाळी कणगां, रात्री कणगां. "एक दिवस मी म्हटलं, आई, माका पण पेज होई," आत्या म्हणाली. "आई काय बोलली नाय. चुलीकडे तोंड करून बसली. मग मी कधी मागितली नाय."

असे किती महिने गेले, कोणीतरी विचारलं. ती म्हणाली, "मोजले कोणी? मग खाणीवर काम मिळालं आईच्या भावाला डिचोलीत, तो तांदूळ देऊन जायचा. तेव्हा सुटलं."

डिचोलीच्या खाणींचं ते वाढीचं दशक होतं. तिथलं लोखंडी खनिज जपानला जायचं, आणि गावातल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा दर आठवड्याला रोख पैसा पडायला लागला. त्याच खाणींच्या मातीने पुढे खालच्या गावांतली शेतं भरली, झरी आटल्या, आणि २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा शेतही नाही आणि पगारही नाही अशी कित्येक घरांची गत झाली. पण त्या वर्षी त्या पगारानेच आत्याच्या पानात भात आला, हेही तितकंच खरं.

आमच्या वडिलांचा सगळ्यात आवडता पदार्थ पेज होता. मुंबई-पुण्याला लग्नाला गेले तरी दुसऱ्या दिवशी म्हणायचे, घरी जाऊन पेज घेतो. आम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगायचो, आमच्या बाबांच्या आवडी किती साध्या. आणि आत्याला म्हणायचो नखरेल. एकाच चुलीवरच्या, एकाच वर्षातल्या दोन ताटांनी दोघांच्या आवडीनिवडी ठरवल्या होत्या, आणि आम्ही त्यातल्या एकाला साधेपणाचं आणि दुसऱ्याला नखऱ्याचं नाव देऊन मोकळे झालो होतो. बाबांना हे ठाऊक होतं का? विचारायला बाबा नाहीत. आत्या म्हणते, "तो लहान होता. त्याका कित्याक सांगूचा?"

मग पुढे

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ताट भराभर बदललं. रेशनचा तांदूळ आला, रेशनचा गहू आला. चपाती त्याआधी आमच्याकडे क्वचित व्हायची, ती रोजची झाली. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या. घाटावरून आलेल्या मास्तरांनी शेंगदाण्याचं कूट आणि कांदेपोहे आणले. दिवाळीचे पाच तऱ्हेचे फोव खाणाऱ्या आम्हाला कांदेपोहे आधी चमत्कारिक वाटले, मग आवडले. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने जमिनीखालचा आणि घराखालचा पाया थोडा घट्ट झाला. नावड बोलून दाखवायची ऐपत आली ती तेव्हापासून, असं मला वाटतं.

आणि पाव? बसस्टँडवर हॉटेलं आली. खाणीवरचा माणूस, शाळेचा मास्तर, कचेरीतला कारकून सकाळी पातळ भाजी-पाव खाऊन कामाला लागला. मग पोदेर सायकलचा भोंगा वाजवत पेडण्याच्या वाड्यांवर फिरायला लागला. आज आमच्या घरात सकाळी पाव आला नाही तर पोरं उपाशी असल्यासारखी करतात. आजीच्या शेवटच्या वर्षांत तिच्या समोर आम्ही पाव खायचो. ती काही बोलायची नाही. पोदेर दारात आला की आम्हाला हाक मारून सांगायची, "तुमचो तो इलो रे." पाव हा शब्द तिने उच्चारला नाही, पण आम्ही उपाशी राहू नये म्हणून त्याला थांबवून मात्र ठेवायची. चारशे वर्षांची भीती एका जन्मात यापेक्षा जास्त काय उतरणार?

चवथीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोने आत्यासाठी सुरय तांदळाचा भात केला आणि वर तूप घातलं. आत्या म्हणाली, "एवढा कशाला? मी काय पावणी?" पण जेवली पोटभर. एकादशीला आता घरात तिच्या समोर कणगां उकडत नाहीत.

मंडळी, तुमच्या घरात आई, आजी, काका, आत्या, कोणीतरी काहीतरी अजिबात खात नसेल. त्याला हट्ट म्हणायच्या आधी एकदा जवळ बसून "का नको?" एवढं विचारा. कारण साधंच निघेल कदाचित. पण नसेल, तर ते त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका. आम्हाला विचारायला पासष्ट वर्षं लागली.

काय सांगितलं ते इथे खाली जरूर लिहा. आणि तुमच्याकडे रताळ्याला काय म्हणतात, तेही.